बोटांना पाठ होतं ते

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी भलत्याच कामात होते. आम्हा सगळ्यांचे जुने फोटो ज्या सामाईक खात्यात ठेवलेत, त्याचा पासवर्ड त्याला हवा होता. "ताई, नुसता बोलून दाखव, मी टाकतो," म्हणाला. मी तोंड उघडलं आणि काहीच बाहेर पडेना. गेली कित्येक वर्षं तो पासवर्ड मीच टाकत आलेय, तरी मला तो सांगता येईना. "थांब जरा," म्हटलं, लॅपटॉप पुढे ओढला, नोटपॅड उघडलं, नजर खिडकीकडे वळवली आणि बोटांना मोकळं सोडलं. बोटांनी क्षणभरही न अडखळता अक्षरं उमटवली. मग पडद्यावर बघून मी ती एकेक करून वाचायला लागले. पहिलं कॅपिटल, मग शून्य, ओ नव्हे रे, शून्य, पुढे अमुक, तमुक, शेवटी उद्गारचिन्ह. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "अगं, हे तर आपल्या मनीचं नाव!" मनी म्हणजे आमची मांजर. तिला जाऊनही जमाना झाला.

त्याचं काम झालं, फोन ठेवला. माझ्या मनातून मात्र ते जाईना. जी गोष्ट मला पाठ आहे असं मी धरून चालले होते, ती मला नव्हतीच पाठ, बोटांना होती. त्यातही फक्त मोठ्या कीबोर्डवर. फोनवरच्या इवल्याशा कीबोर्डवर अंगठ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी मुद्दाम करून पाहिलं. मग बसल्या बसल्या एकेक पासवर्ड आठवायला लागले तेव्हा आणखी मौज कळली. एकात जुन्या मैत्रिणीचं टोपणनाव, दुसऱ्यात कधीतरी मनापासून शिकायला घेतलेल्या आणि सोडून दिलेल्या वाद्याचं, तिसऱ्यात एका सालाचे शेवटचे दोन आकडे. त्या साली नक्की काय घडलं होतं ते मात्र काही केल्या आठवेना. कुणालाही दाखवायची नाही अशी एक डायरी मी तुकड्यातुकड्यांनी लिहीत होते आणि ती जगभरच्या सर्व्हरांवर विखुरलेली होती.

हे सगळं सुरू झालं ते सोयीपोटी. १९६१मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची यंत्रणा उभी केली. एकाच अवाढव्य संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावं म्हणून. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात, एवढ्यासाठी प्रत्येकाला एक परवलीचा शब्द दिला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्यानं सगळ्यांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली, कारण त्याला वाटून दिलेला संगणकाचा वेळ पुरत नव्हता. दुसऱ्यांच्या नावानं शिरला की झालं! १९६६मध्ये तर त्याहून कहर झाला. रोजचा संदेश आणि पासवर्डांची यादी या दोन फायलींची अदलाबदल झाली आणि जो कुणी लॉगिन करेल त्याच्यासमोर सगळ्यांचे पासवर्ड झळकू लागले. म्हणजे पासवर्ड जन्माला आला आणि पाळण्यातच फुटला. कॉर्बातोंना पुढे १९९०चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनीच पासवर्ड हे एक दुःस्वप्न होऊन बसलंय अशी कबुली दिली. बिचाऱ्यांनी हे थोडंच योजलं होतं! त्यांच्या डोळ्यांसमोर माणशी एक शब्द होता. माणशी शेदोनशे नव्हे.

मग आले नियम. एक कॅपिटल हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, आणि ठरावीक मुदतीनं बदलायलाही हवा. २००३मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून हे शहाणपण जगभर पसरलं. माणसं काय करतात हे त्यात धरलेलंच नव्हतं. माणसं पहिलं अक्षर कॅपिटल करतात, ओच्या जागी शून्य घालतात, शेवटी उद्गारचिन्ह ठोकतात, आणि बदलायची वेळ आली की एकचा दोन करतात. माझ्या मांजरीच्या नावाची जी गत झाली तीच कोट्यवधी नावांची झाली, आणि पासवर्ड फोडणाऱ्यांच्या प्रोग्रॅमांना ही युक्ती आपल्याआधीच ठाऊक असते. २०१७मध्ये निस्टनं हे दोन्ही नियम मागे घेतले. पासवर्ड लांब असू द्या, फुटल्याचा संशय असेल तेव्हाच बदला, असं सांगितलं. बर यांनीही त्याच वर्षी एका मुलाखतीत आपल्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. निवृत्त झालेल्या माणसाला असं बोलावंसं वाटलं याचं मला फार अप्रूप वाटलं. कित्येक संकेतस्थळांपर्यंत मात्र तो खेद अजून पोचलेला नाही. तिथे अजून "तुमच्या पासवर्डची मुदत संपली आहे"ची लाल पट्टी येतेच.

तर, पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एकाच कुलपाखाली सांभाळणारा प्रोग्रॅम, घ्यायचं ठरवलं.

कोणता घ्यावा यावर मी फार वेळ घालवला नाही, आणि इथेही घालवणार नाही. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी १९९७मध्ये पासवर्ड सेफ काढला, २००३मध्ये कीपास आला, मग वनपासवर्ड, लास्टपास, बिटवॉर्डन आले. आता तर फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये हे आधीपासूनच असतं. कोणताही जाणता मॅनेजर वापरला तरी तो न वापरण्यापेक्षा बराच. मला लिहायचंय ते त्या आदल्या संध्याकाळबद्दल, ब्राउझरमध्ये साठलेले सगळे पासवर्ड बाहेर काढले त्याबद्दल. एक्सपोर्टचं बटण दाबलं की एक साधी सीएसव्ही फाइल मिळते. ती उघडली आणि पोटात गोळा आला. रांगेमागून रांग: संकेतस्थळ, नाव, पासवर्ड. सगळं उघडं, कुलूप नाही, ठिपके नाहीत. इतकी वर्षं ज्यांच्याकडे फक्त काळे ठिपके म्हणून पाहिलं, त्यांचे चेहरे पहिल्यांदाच एकत्र दिसले, आणि ते सगळे एकमेकांची भावंडं होते. ही फाइल मॅनेजरमध्ये ओतली की ताबडतोब उडवायची, रिसायकल बिनमधूनही उडवायची, आणि ती आपोआप क्लाउडवर चढणाऱ्या फोल्डरमध्ये तर उतरली नाही ना ते बघायचं. हे सगळे सांगतात आणि बरोबरच सांगतात. पण मी उडवण्याआधी थोडा वेळ तिच्याकडे बघत बसले, हेही खरं.

कारण त्यात काय नव्हतं! बंद पडलेली संकेतस्थळं होती, ज्यांचे पत्ते आता भलत्याच जाहिरातींकडे नेतात. घरच्या राउटरचा १९२.१६८.१.१ असा आकडी पत्ता आणि त्यापुढे ॲडमिन, ॲडमिन. एकाच संकेतस्थळाच्या चार नोंदी, तीन जुन्या, एक चालू, आणि चालू कोणती ते आजमावून पाहिल्याशिवाय कळणार नाही. एक खातं अशा इ-मेलवर उघडलेलं, जो पत्ता आता अस्तित्वातच नाही. म्हणजे पासवर्ड विसरला असता तर परत मिळायचा रस्ताच उरला नव्हता. आणि एका मैत्रिणीबरोबर मिळून चालवलेल्या ब्लॉगचं लॉगिन. आमचं बोलणं थांबल्याला बराच काळ लोटला. पासवर्ड आम्ही दोघींनी मिळून ठरवला होता आणि त्यात दोघींच्या नावांची दोन-दोन अक्षरं होती. ती ओळ मी ठेवली. मॅनेजर तिच्यापुढे अजून इशारा दाखवतो: कमकुवत पासवर्ड. त्याचं बरोबर आहे.

आवरायला बसलं की पहिला मोह होतो तो फोल्डर करण्याचा. बँका, खरेदी, काम, प्रवास, किरकोळ. मीही केले. मग लक्षात आलं की नोंद शोधताना मी कधीच फोल्डर उघडत नाही, नावाची दोन अक्षरं टाइप करते आणि मोकळी होते. तेव्हा ती वाटणी आपल्या समाधानापुरती. खरी वाटणी एकच: ज्या खात्यांच्या खुंटीवर बाकीची खाती टांगलेली असतात ती एकीकडे, आणि उरलेली सगळी दुसरीकडे. खुंटी म्हणजे प्रामुख्यानं इ-मेल. दुसऱ्या कुठल्याही खात्याचा पासवर्ड विसरलात तर नवा करायचा दुवा तिथेच येतो. म्हणून ज्याच्या हाती तुमचा इ-मेल त्याच्या हाती सगळंच. त्याखालोखाल फोनचं मुख्य खातं, मग जिथे पैसे आहेत ती. मी याच क्रमानं पासवर्ड बदलले. एका बैठकीत सगळे बदलायचा हट्ट धरला नाही. बाकीच्यांचे जसजसं त्या त्या ठिकाणी जाणं झालं तसतसे बदलत गेले. एका बैठकीत सगळं उरकायला निघालेली माणसं निम्म्यावर कंटाळतात आणि मग अर्धं इकडे, अर्धं तिकडे असा आणखी घोळ होतो.

एकच पासवर्ड दहा ठिकाणी का नको, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे तरी वापरतात. २००९मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, तेही साध्या मजकुरात ठेवलेले. त्यातल्या जवळपास २ लाख ९० हजार लोकांचा पासवर्ड १२३४५६ असा होता. चोर अशा याद्या घेऊन बसतात आणि त्यातली नाव-पासवर्डाची प्रत्येक जोडी यंत्राकरवी शेकडो दुसऱ्या दारांवर लावून बघतात. तुमच्याशी त्यांचं वैर नसतं. तुम्ही फक्त यादीतली एक ओळ असता. आपली ओळ त्यात आहे का ते बघायची सोय सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी हॅव आय बीन पोन्ड या संकेतस्थळावर २०१३पासून करून ठेवलीये, आणि पासवर्ड तपासायची त्यातली रीत मला फार आवडते. तुमचा पासवर्ड तुमच्याच यंत्रावर गणिती चरकातून काढतात, जे लांबलचक पिळलेलं उत्तर येतं त्याची फक्त पहिली पाच अक्षरं पुढे धाडतात, आणि त्या पाच अक्षरांनी सुरू होणारी सगळी फुटलेली उत्तरं परत येतात. आपलं त्यात आहे का ते घरच्या घरी ताडून बघायचं. विचारणाऱ्यानं नेमकं काय विचारलं ते सांगणाऱ्याला कळतच नाही. मनीचं नाव त्यात निघालं. उद्गारचिन्हासकट. जगात दुसऱ्या कुणालातरी, आपापल्या कुठल्याशा मनीवरून, नेमकं तेच सुचलं होतं, की माझंच कुठूनतरी फुटलं होतं? कळायला मार्ग नाही.

आता एकच पासवर्ड लक्षात ठेवायचा उरला, मॅनेजरचा मास्टर पासवर्ड, आणि तो मला स्वतःच्या डोक्यातून काढायचा नव्हता. आपल्या डोक्यातून मांजरीच निघतात. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५मध्ये डाइसवेअर नावाची एक झकास रीत सांगितली: पाच फासे टाकायचे, जे पाच आकडे पडतील तो क्रमांक यादीत शोधायचा, समोरचा शब्द उचलायचा. यादीत ७,७७६ शब्द, कारण सहाचा पाचवा घात तेवढा येतो. असे सहा शब्द घेतले तर शक्यता होतात दोनवर तेवीस शून्यं, थोड्या जास्तच. फासे खरोखरीचे टाकायचे, आणि पडलेला शब्द आवडला नाही म्हणून पुन्हा टाकायचे नाहीत. आवडनिवड आली की माणूस आला. मी टेबलावर फासे टाकत बसले. लाकडावरचा तो टकटक आवाज, वाकून आकडे वाचणं, कागदावर पेन्सिलीनं शब्द उतरवणं. सुरक्षेच्या नावाखाली आजवर केलेल्या सगळ्या गोष्टींत एवढीच गोष्ट मला खेळ वाटली. पडलेल्या सहा शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, पण दोन-तीन दिवसांत त्यांचं मनात एक चित्र तयार झालं, इतकं बाष्कळ की विसरणं शक्य नाही. ते चित्र अर्थातच सांगणार नाही.

मधे एकदा वाटलं होतं, शब्द मराठीच घ्यावेत आणि देवनागरीतच टाकावेत. कुणाच्या बापाला सापडणार नाहीत. पण यात एक गोम आहे. 'वाऱ्यावर' हा शब्द घ्या. त्यातला तो अर्धा ऱ एक कीबोर्ड एका सांकेतिक क्रमानं उमटवतो, दुसरा दुसऱ्या. कुणी टिंबाचा ऱ म्हणून एकच संकेत वापरतो, कुणी साधा र आणि त्याखाली नुक्ता असे दोन. डोळ्यांना शब्द तोच. यंत्राला मात्र तो वेगळा, आणि मास्टर पासवर्डाच्या बाबतीत यंत्राचं मत अंतिम असतं. नव्या फोनवर आपलाच शब्द आपल्याला नाकारला जाण्याची ही पक्की व्यवस्था. तेव्हा मराठी शब्द हवेतच तर रोमन अक्षरांत लिहावेत, तेही ठरवून एकाच पद्धतीनं.

"सगळी अंडी एका टोपलीत" असा आक्षेप घेणारे भेटतातच. मला तो उडवून लावता येत नाही. २०२२मध्ये लास्टपासच्या ग्राहकांच्या व्हॉल्टांच्या, म्हणजे पासवर्डांच्या तिजोऱ्यांच्या, प्रती चोरीला गेल्या हे काही लपून राहिलेलं नाही. पासवर्ड कुलूपबंद होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडेच होते. कोण कुठे कुठे जातं ते चोरांना आयतं कळलं. ज्यांचा मास्टर पासवर्ड लांब आणि बिनसंगतीचा होता, त्यांचं कुलूप फोडायला चोराला पिढ्यान्‌पिढ्या लागतील. ज्यांचा मांजरीच्या जातीचा होता, त्यांचं काय झालं असेल ते झालं असेल. प्रत चोराच्या हाती पडली की तिच्यावर हवे तितके प्रयत्न करायला त्याला कुणी अडवत नाही, म्हणून चांगले मॅनेजर प्रत्येक प्रयत्न मुद्दाम संथ करतात. मास्टर पासवर्ड तोच चरक लाखो वेळा फिरवून मगच किल्ली तयार होते. हे सगळं समजून घेतल्यावरही मनातली धाकधूक पूर्ण जात नाही. पण पूर्वी माझी अंडी एका टोपलीत नव्हती म्हणावं, तर ती शंभर टोपल्यांत होती आणि सगळ्यांना एकच भोक होतं.

या मॅनेजराचा सगळ्यात मोठा उपयोग मला त्याच्या न बोलण्यातून कळला. एक मेल आली होती, तुमचं खातं बंद होणार आहे, लगेच लॉगिन करा. खालच्या दुव्यावर टिचकी मारली ती खरं म्हणजे उत्सुकतेपोटीच. पान हुबेहूब: तोच निळा रंग, तोच लोगो, तळाशी तीच बारीक अक्षरं. नावाच्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता, आणि एरवी तिथे आपसूक उगवणारी माझ्या खात्याची ओळ काही केल्या उगवेना. पत्त्याची पट्टी नीट पाहिली. जिथे एम हवा होता तिथे आर आणि एन चिकटून बसले होते. माझ्या डोळ्यांनी त्याला एमच वाचलं असतं, दहादा वाचलं असतं. मॅनेजर वाचत नाही, जुळवतो. आणि जुळत नसेल तर गप्प बसतो. अडचण एवढीच की काही प्रामाणिक कंपन्याही लॉगिनचं पान भलत्याच पत्त्यावर ठेवतात आणि तिथेही तो असाच गप्प बसतो. मग माणूस वैतागून पासवर्ड कॉपी करून हातानं चिकटवतो, आणि ती सवय लागली की त्या गप्प बसण्याला अर्थ उरत नाही. काही महाभाग तर पासवर्डाच्या रकान्यात पेस्टच करू देत नाहीत, सुरक्षेसाठी म्हणे! ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रानं २०१७मध्येच स्पष्ट सांगितलं होतं की लोकांना पेस्ट करू द्या. वीस अक्षरांचं अगम्य वाक्य समोर बघून एकेक की दाबताना मी त्या पानाच्या कर्त्याची मनातल्या मनात जी पूजा करते ती इथे लिहिण्याजोगी नाही.

सुरक्षा प्रश्नांची उत्तरंही आता मी मॅनेजरलाच विचारते. तुमच्या पहिल्या शाळेचं नाव? त्यापुढे माझ्याकडे वीस अक्षरांची अर्थहीन ओळ आहे. खरं उत्तर निम्म्या ओळखीच्यांना ठाऊक असताना खरं सांगण्यात काय मतलब? पासवर्डाच्या जोडीला दुसरं कुलूप म्हणून लागणारे, दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड मात्र मी वेगळ्या ॲपमध्ये ठेवलेत. तेही मॅनेजरमध्येच ठेवता येतात, सोयीचं असतं, पण मग दोन कुलपांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात आल्या. यावर जाणकारांत दुमत आहे. मी माझ्या धाकधुकीचं ऐकलं. आणि आता पासकी आल्यात, पासवर्डाच्या जागी वापरायच्या डिजिटल किल्ल्या. २०२२मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून त्यांना पाठिंबा जाहीर केला. त्यात लक्षात ठेवायचं काही नाही, टाइप करायचं काही नाही. गुप्त भाग तुमच्याकडेच राहतो आणि संकेतस्थळाकडे फक्त त्याची उघड जोडीदारीण जाते, त्यामुळे तिथून चोरण्यासारखं काही उरतच नाही. जिथे मिळते तिथे मी ती घेते. बोटांना शिकायला मात्र त्यात काहीच नाही.

शेवटचं काम होतं कागदाचं. मास्टर पासवर्ड विसरले, फोन हरवला, किंवा मीच राहिले नाही, तर काय? बहुतेक मॅनेजर बनवणाऱ्यांकडे आपला मास्टर पासवर्ड नसतोच, त्यामुळे त्यांच्याकडे रडून उपयोग नाही. काहींत आणीबाणीची सोय असते: आपण नेमलेल्या माणसानं मागणी करायची, ठरवलेले दिवस थांबायचं, आणि तेवढ्या दिवसांत आपण नकार दिला नाही तर त्याला व्हॉल्ट उघडतो. ते दिवस किती ठेवायचे यावर नवऱ्याशी चांगलाच वाद झाला. मला वाटत होतं पुष्कळ असावेत, त्याला वाटत होतं इतके दिवस बिलं कोण भरणार! ते एकदाचं मिटलं. मग मी ते सहा शब्द, इ-मेलचे आणि दुसऱ्या ॲपचे रिकव्हरी कोड स्वच्छ अक्षरांत एका कागदावर उतरवले, पाकिटात घातले, पाकीट बंद केलं आणि ठेवायच्या जागी नीट ठेवून आले. नवरा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "छान. आणि पाकीट कुठे ठेवलंयस ते कुठे लिहून ठेवलंस?"